सेफ ब्राउझिंग बंद केलं की फोन पळतो म्हणे!

घाटमाथ्यावरचा:
काल इथेच एकाने जिलबी टाकली, 'फोन रखडतोय? क्रोमचं सेफ ब्राउझिंग बंद करा, पानं झटक्यात उघडतील.' खाली रांगेने 'धन्यवाद, उपयुक्त माहिती'. डोकंच फिरलं. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

सेफ ब्राउझिंग म्हणजे फसवी साइट उघडण्याआधी अडवणारा पहारेकरी. पूर्वी त्याची धोकादायक साइटींची यादी फोनवरच असायची, अर्ध्या-एक तासाने ताजी व्हायची. पण गूगलच्याच म्हणण्यानुसार फसवी साइट सरासरी १० मिनिटंसुद्धा जगत नाही. यादी येईतो चोर पसार. म्हणून २०२४पासून त्याच्या साध्या ('स्टँडर्ड') संरक्षणातही पान उघडतानाच गूगलकडे तपासणी होते, तीसुद्धा आधीच सुरक्षित ठरलेले पत्ते वगळून. पानावर चार व्हिडिओ जाहिराती नाचतायत, त्यांना सोडून दोष कुलपाला?

जुनं_खोड:
कुलूप माझं, किल्ली गूगलकडे. मी कुठे जातो ते त्यांना विचारून जायचं? माझा फोन २ जीबीचा, गावात रेंजची एक काडी. शहरात फायबरवर बसून उपदेश सोपा असतो.

घाटमाथ्यावरचा:
शहर कसलं, पाटण तालुक्यात आहे मी. आणि साध्या संरक्षणात पूर्ण पत्ता जातच नाही. त्याच्या हॅशचे, म्हणजे पत्त्यावरून बनवलेल्या सांकेतिक ठशाचे, पहिले ४ बाइट जातात, तेही मधल्या तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे, त्यामुळे गूगलला तुमचा आयपी दिसत नाही. 'एन्हान्स्ड' म्हणजे वाढीव संरक्षण घेतलंत तर पत्ता जातो, हे मान्य.

जुनं_खोड:
'मान्य' हा शब्द तुमच्याकडून आला, धागा सार्थकी लागला.

सह्यकन्या:
दोघेही भांडा. माझ्या सासऱ्यांना 'बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार' असा मेसेज आला, सोबत एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकायची ॲपची फाइल. टाकलं त्यांनी. ब्राउझर उघडलाच नव्हता, तपासणार काय कपाळ? ८३ हजार गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून त्यातले थोडे तरी गोठवले गेले. बाबा अजून कुणाला सांगत नाहीत, लाजतात.

वैतागवाडीकर:
ताई, वाईट वाटलं. थोडं अवांतर, पण या सवयी बँकाच लावतात. माझी बँक (नाव घेत नाही) केवायसीसाठी आखूड लिंक पाठवते आणि त्याच दिवशी 'अनोळखी लिंक उघडू नका' असंही कळवते. मी शहाण्यासारखी उघडली नाही. खातं गोठवलं! शाखेत गेलो तर बाई म्हणतात, 'लिंक पाठवली होती की तुम्हाला!'

घाटमाथ्यावरचा:
म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं. शेवट बघायचा, बस.

वैतागवाडीकर:
बघायचा कुठे? आखूड लिंकमध्ये शेवट दिसतो का? मोबाइलवर पत्त्याची पट्टी बोटभर.

नदीकाठचा_पाटील:
आणि आमच्या पतसंस्थेचं काय? ती सहकार खात्याखाली, बँक नव्हेच, तिला तो पत्ता मिळणार नाही. म्हणजे आमचे सभासद कायमचे संशयित?

वैतागवाडीकर:
पतसंस्थांचं नाव काढू नका. आमच्या मामांची ठेव चार वर्षं अडकली आहे.

नदीकाठचा_पाटील:
एक नासका निघाला म्हणून सगळी टोपली फेकायची का? आम्ही दरवर्षी लाभांश देतो. उगाच चिखलफेक नको!

सह्यकन्या:
ब्राउझरचा धागा होता ना हो हा?

घाटमाथ्यावरचा:
होता. खोडकाका, वेगच हवा असेल तर फायरफॉक्स ब्राउझर टाका आणि त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन. अँड्रॉइडच्या क्रोमवर असली जोडसाधनं (एक्स्टेंशन) चालत नाहीत, फायरफॉक्सवर चालतात. शोधात वर दिसणाऱ्या खोट्या जाहिरातींतूनच लोक फसतात म्हणून २०२२ला खुद्द एफबीआयने जाहिराती अडवा असा सल्ला दिला होता. वेगही मिळतो, चोरही कमी.

सह्यकन्या:
वेगाबद्दल बाडीस. पण एपीकेचं काय, हे कुणीच सांगितलं नाही.

जुनं_खोड:
टाकून बघितलं. पेपरची साइट खरंच भराभर उघडते. पटलं असं नाही, बघितलं इतकंच. निदान गूगलपासून तरी सुटलो.

घाटमाथ्यावरचा:
काका, फायरफॉक्ससुद्धा धोकादायक साइटींची यादी गूगलकडूनच घेतो.

जुनं_खोड:
हे आधी सांगायला काय झालं होतं? असो. राहू दे चालू. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, सेटिंग सापडत नाहीये म्हणून.

वैतागवाडीकर:
आणि माझी केवायसी? आज पुन्हा गेलो. दुसरा शनिवार.