रहस्यकथा-भयकथांवरील गंभीर समीक्षा कुठे मिळेल?

नमस्कार. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा हा विषय सुचवला असता, हे निव्वळ रंजनपर लेखन असल्याचे सांगून मार्गदर्शकांनी तो बाजूला सारला. विज्ञानकथेकडे इतक्या तुच्छतेने पाहिले जात नाही. जयंत नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले (त्यात त्यांच्या शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या दबदब्याचाही वाटा असावा), पण हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचा कथानायक 'झुंजार' अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. ओळखीच्या घरात भीती हळूहळू कशी मुरवायची, हे धारपांचे कसब संहितेच्या अंगाने तपासणारे लेख, विशेषांक किंवा प्रबंध कुणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे. स्मरणरंजनपर गौरवलेख माझ्याकडे भरपूर आहेत. ते मार्गदर्शकांपुढे टिकणार नाहीत.