कावळा बसला आणि फांदी मोडली: युक्तिवादात तुम्ही कुठे फसलात?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण येताजाता म्हणतो. तरी फांदी कावळ्यानेच मोडली असं वाटायचं राहत नाही. असे युक्तिवाद तुम्हाला कुठे खटकले, ते लिहा. विनंती एवढीच की समोरच्याची चूक पटकन दिसते, म्हणून आपण स्वतः कुठे फसलो तेही सांगा. सुरुवात मी करते.

मी अकरावीत असताना चुलतभावाला कावीळ झाली. तिसऱ्या आठवड्यात काकू त्याला शेजारच्या गावी कावीळ उतरवायला घेऊन गेली, मीही बरोबर होते. तिथल्या बाबांनी त्याच्या हातांना कसलासा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीने परातीत हात धुवायला लावले. पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं. आठवड्याभरात भाऊ जेवायखायला लागला. पुढे कॉलेजात मी हा किस्सा पुरावा म्हणून सांगत असे, कारण मी तो डोळ्यांनी पाहिला होता.

मग एका अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात कार्यकर्त्याने मलाच पुढे बोलावलं. हातांना रस चोळला, वर निवळी ओतली. माझ्या धडधाकट हातांवरूनही तसंच पिवळं पाणी गळलं. रस आंब्याच्या सालीचा होता, चुना लागला की पिवळा होणारा. आणि ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून ओसरते. तिसऱ्या आठवड्यात जो काही करेल, श्रेय त्याला. पित्तनळीत खडा असता तर तोच वेळ जिवावर बेतला असता. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुवून बघावेत, हे इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं. तेव्हापासून ‘मी स्वतः पाहिलंय’ असं कुणी म्हणालं की मला ती परात आठवते.

———

सातारा जिल्ह्यात गणित शिकवते. ओरडलं की मुलं सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात, हे माझं ठाम मत होतं आणि गुणवहीत पुरावाही होता. 20 पैकी 6 मिळाले म्हणून झापलं, पुढच्या चाचणीत 11. 19 मिळाले म्हणून शाबासकी दिली, पुढच्या वेळी 15. नंतर डॅनियल कानेमन यांचा अनुभव वाचनात आला (2002चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ). इस्रायलच्या हवाई दलातले प्रशिक्षक त्यांना अगदी हेच सांगत होते. एका दिवसाच्या कामगिरीत नशिबाचाही वाटा असतो. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा नेहमीसारखाच जातो, मग तुम्ही ओरडा नाहीतर गप्प बसा.

मी जुन्या वह्या काढल्या. एका वर्षी मी निवडणुकीच्या कामावर होते आणि पेपर दुसऱ्या बाईंनी काही न बोलता वाटले होते. त्याही वेळी तळातली मुलं वर आली होती. वर्गात उभं करून ज्यांना रडवलं, त्यांची नावं त्याच वहीत आहेत.

———

‘आबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली, नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.’ आमच्याकडे दर लग्नात हे ऐकायला मिळतं. यंदा धाकटी वहिनी म्हणाली, ‘पन्नाशीत गेलेले कुठे लग्नाला येतात सांगायला?’ पंगत गप्प झाली.

———

ठाण्यात राहतो. सोसायटीच्या सभेत विचारलं, लिफ्टच्या कामाला एकच कोटेशन का? उत्तर आलं, ‘तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय, तुम्ही हिशोब विचारू नका.’ थकला होता, हे खरं. मी खाली बसलो. रात्रभर तळमळलो, कारण माझ्या थकबाकीमुळे कोटेशन एकाची तीन होत नाहीत. पैसे भरले आणि पुढच्या सभेत तोच प्रश्न विचारला. उत्तर अजून मिळालेलं नाही.

———

वरच्या अनुभवावरून: आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावरच्या प्राचीन भारतीय दर्शनात, याचा फार बारीक विचार आहे. सत्य समजावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडायचं, ती वितंडा. मराठीतला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. छलाचं उदाहरण तर मी वर्गात दर वर्षी देतो. एकजण म्हणतो, हा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्याकडे नवी कांबळ आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! शब्द तोच ठेवून अर्थ सरकवायचा. टीव्हीवरच्या चर्चा बघताना मी हल्ली आधी एवढंच पाहतो की इथे कुणाला स्वतःची बाजू आहे का.

———

थोडं वेगळं लिहितो. हे सगळं शिकल्यावर मी घरात प्रत्येकाचे तर्कदोष काढायला लागलो. आई म्हणाली, ‘आज अमावास्या आहे, रात्री आंबोली घाटातून येऊ नका.’ मी तिला अर्धा तास समजावलं की अमावास्येचा आणि अपघाताचा संबंध नाही. ती काही बोलली नाही, फोन ठेवला. घाटात जुलैतलं धुकं होतं, गाडीच्या बॉनेटपुढचं दिसेना. पत्नी काचेतून हात बाहेर काढून टॉर्चने कडेचा पांढरा पट्टा दाखवत होती आणि मी पहिल्या गिअरवर गाडी उतरवत होतो. आईने दिलेलं कारण चुकीचं होतं, सल्ला चुकीचा नव्हता. हे दोन वेगळे आहेत, हे मी तिच्याशी वाद घालताना विसरलो होतो. सावंतवाडीला पोचल्यावर रात्री दीडला फोन केला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.