वापरलेली हायड्रोजन मिराई ९ हजार डॉलरला मिळतेय, घेऊ का?

पाना_दहा_अकरा (फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला विचारता येणार नाही.

२०२१ ची टोयोटा मिराई, ३८ हजार मैल चाललेली, ९ हजार डॉलरला. नवी असताना हिची किंमत ५० हजारांच्या घरात होती. घेऊ का?

आता पाल्हाळ. माझ्या मामांचं कराडला हायवेला लागून गॅरेज. मे महिन्याची सुट्टी लागली की मी तिथंच पडीक. आठव्या वर्षी दहा-अकराचा पाना मला न बघता, नुसता चाचपून ओळखता यायचा. पद्मिनीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, प्लगवरची काजळी खरवडायची, ही कामं माझी. पुण्याला जाताना खंबाटकी चढेपर्यंत पद्मिनी तापणारच, म्हणून डिकीत पाण्याचा कॅन कायम. मामा ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण सोडायचे आणि मला ओरडायचे, "लांब हो, तोंड भाजंल!"

गेल्या शनिवारी मिराई चालवून बघितली. बटण दाबलं तर काही आवाजच नाही. पाय दिला की पुढून कॉम्प्रेसरची बारीक शीळ येते, बस्स. मागची चाकं ओढतात, सीट ऐसपैस, बूट स्पेस मात्र फारच कमी, टाक्यांनी खाल्लीय. आणि 'एच-टू-ओ' लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबलं की साठलेलं पाणी खाली सोडते. मी चार वेळा दाबलं. विकणारा माझ्याकडे बघत होता.

तिथूनच मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे अकरा. मामा ७९ वर्षांचे. त्यांनी गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, "आरं, गळतंय की खाली! वॉटर पंप गेलाय हिचा. घिऊ नगंस."

मग समजावलं. एका बाजूनं हायड्रोजन, दुसऱ्या बाजूनं हवा, मध्ये पडदा. प्लॅटिनमवर हायड्रोजन फुटतो, त्यातले इलेक्ट्रॉन, म्हणजे वीज, वायरीनं मोटरकडे जातात, उरलेला भाग पडद्यातून पलीकडे जाऊन ऑक्सिजनला भेटतो आणि पाणी होतं.

"म्हंजे कार्बोरेटर न्हाई?"
"नाही."
"प्लग?"
"नाही."
"मग गॅरेजवाल्यानं खायाचं काय?"

तर असं. अपार्टमेंटमध्ये राहतो, चार्जर लावायची सोय नाही. हायड्रोजनचा पंप सात मैलांवर. रोजचं जाणं-येणं ३४ मैल. ही झाली लोकांना सांगायची कारणं. खरं कारण वर लिहिलंच आहे.

नारिंगी_मावशी (ऑरेंज काउंटी)

दादा, माझ्याकडे २०१७ ची होती, तीन वर्षं लीजवर. गाडी सोन्यासारखी. तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही. पण पंपाबद्दल बोलते.

नव्या गाडीबरोबर हायड्रोजन भरायला १५ हजार डॉलरचं फ्यूल कार्ड मिळायचं, त्यामुळे मी कधी भाव बघितलाच नाही. तुम्हाला बघावा लागेल. इथं २०२३ मध्ये किलोला ३६ डॉलरपर्यंत गेला. टाकीत ५.६ किलो मावतो, म्हणजे पूर्ण भरायला दोनशे डॉलर! पेट्रोलच्या पंपावर कुरकुर करणारी मी, हिशेब कळला तेव्हा गप्पच झाले.

दुसरं म्हणजे नॉझल. गॅस फार गार करून, ७०० बारच्या दाबानं भरतात. दमट सकाळी माझं नॉझल गाडीलाच गोठून चिकटलं. वीस मिनिटं तिथं साडीच्या पदरानं, हो, लग्नाला निघाले होते, ते पुसत उभी. मागे सहा गाड्या. लागोपाठ गाड्या भरल्या की पंपाचा दाब पडतो, मग परत थांबा. निघण्यापूर्वी ॲपवर बघायचं, पोहोचेपर्यंत पंप बंद! २०२४ च्या फेब्रुवारीत शेलनं तर इथले आपले कारचे हायड्रोजन पंप कायमचे बंद केले.

घेणारच असाल तर फ्यूलच्या झाकणाआत टाक्यांच्या मुदतीचा स्टिकर असतो, तो वाचा. त्या तारखेनंतर भरता येत नाही.

वीजबिल (पुणे)

भावनेत पाणी ओततो, माफ करा. विजेनं एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट लागतात. त्या किलोवर मिराई शंभर-सव्वाशे किमी जाईल. तेवढीच वीज थेट बॅटरीच्या गाडीत भरली तर अडीचशे-तीनशे. शिवाय जगातला बहुतेक हायड्रोजन अजून नैसर्गिक वायूपासूनच बनतो, तेव्हा 'फक्त पाणी सोडते' हे अर्धंच खरं.

मी विरोधक नाही. ट्रकची गोष्ट वेगळी, तिथं बॅटरीचं वजन माल खातं. टाटा मोटर्सनं मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनच्या १६ ट्रकची चाचणी सुरू केली, त्यात मुंबई-पुणे पण आहे. मामांना सांगा, कदाचित खंबाटकीतही दिसतील.

सातारी_तर्री

गडकरी ३० मार्च २०२२ ला मिराईतूनच संसदेत गेले होते. त्यांना ॲपवर पंप शोधावा लागला नसणार, हाच काय तो फरक.

बाकी वहिनी काय म्हणतात?

पाना_दहा_अकरा

वहिनी म्हणतात, "खेळणं म्हणून घ्यायचं असेल तर नऊ हजारात ड्रोन बरे येतात."

मावशी, तुमचं वाचून हिशेब मांडला. आठवड्याला १७० मैल, किलोला ६० मैल धरले तरी शंभर डॉलर. माझ्या पेट्रोलच्या कॅमरीला तीसच्या आतबाहेर लागतात. मग काल त्या पंपावर जाऊन दोन तास नुसता बसलो. पाच गाड्या आल्या. एक जण नॉझल दोन्ही हातांनी हलवत होता. त्याच्याकडे कॉफीचा थर्मास होता, त्यातलं गरम पाणी ओतून त्यानं ते सोडवलं. थर्मासात पाणीच आणलं होतं, कॉफी नव्हे. सवयीचा माणूस.

विकणाऱ्याला 'नाही' म्हणून कळवलं. मामांना फोन करून सांगितलं, नाही घेत.

"बरं केलंस," म्हणाले. थोडं थांबून, "पर तू परत जाणार हायस का तिकडं? त्ये बटान दाबतानाचं रेकॉर्डिंग करून धाड. गॅरेजातल्या पोरान्ला दावतो."

उद्या विकणाऱ्याकडे काय कारण सांगून जाऊ?