मदत हवी आहे: पाण्याच्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅज सीएसीओ३' लिहितात म्हणजे नक्की काय?

वेलीवरचा:
मंडळी नमस्कार. केमिस्ट्री बारावीनंतर सुटली ती सुटलीच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. तासगावकडे द्राक्षबाग आहे, बोअरच्या पाण्यावर. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, नखाने खरवडला की पापुद्रा निघतो, लॅटरलच्या शेवटच्या वेलींपर्यंत पाणी नीट पोचत नाही म्हणून शेवटी पाणी तपासून आणलं. रिपोर्टमध्ये असं आहे: टोटल हार्डनेस ५२० मिग्रॅ प्रति लिटर अ‍ॅज सीएसीओ३ (कॅल्शियम कार्बोनेट), कॅल्शियम १२०, मॅग्नेशियम ५३.५, अल्कलिनिटी ३८० अ‍ॅज सीएसीओ३, कार्बोनेट निल, पीएच ७.८.

आता हार्डनेस म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असंच शिकवलं होतं ना आपल्याला, मग १२० आणि ५३.५ मिळून पावणेदोनशेसुद्धा होत नाहीत, ५२० आले कुठून? आणि ज्या कागदावर कार्बोनेट निल आहे त्याच कागदावर ३८० कॅल्शियम कार्बोनेट कसं काय? पाइपला लावायचं यंत्र विकणारा एकजण येऊन गेला, तो म्हणे लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर चुना आहे तुमच्या पाण्यात. पाण्यात खरंच चुना आहे का हाच मला चुना लावतोय ते कळेना. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

उगाचच:
आरओ बसवा, विषय संपला.

वेलीवरचा:
अहो बागेला आरओ? पाणी पिकाला द्यायचंय, पाहुण्यांना नाही.

निळा_ब्युरेट:
भाऊ, मी पाणी तपासायच्या लॅबमध्येच काम करते, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येतोच. रिपोर्ट बरोबर आहे.

आम्ही हार्डनेस कसा काढतो ते बघा म्हणजे लगेच उलगडेल. ५० मिली पाणी घ्यायचं, बफर घालून पीएच १० ला आणायचा, चिमूटभर इंडिकेटर टाकला की पाणी वाइनसारखं लाल होतं. मग वरून ईडीटीए नावाचं रसायन थेंब थेंब सोडायचं, लाल जाऊन स्वच्छ निळं झालं की थांबायचं. हे ईडीटीए कॅल्शियमलाही धरतं आणि मॅग्नेशियमलाही, एकास एक. कोण किती होतं हे त्याला कळत नाही, फक्त दोघांची मिळून संख्या कळते. संख्या कळली तरी वजन कसं लिहिणार, कारण कॅल्शियमचा अणू ४० चा आणि मॅग्नेशियमचा २४.३ चा! म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलंय की ही सगळी मंडळी कॅल्शियम कार्बोनेट असती तर किती वजन भरलं असतं तेवढं लिहायचं. त्याचा रेणूभार १००, हिशोबाला सोपं. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिग्रॅ. तुमच्या पाण्याला ५० मिलीला २६ मिली लागलं असणार, लिटरला ५२०.

आता तुमचेच आकडे: कॅल्शियम १२० गुणिले २.५ म्हणजे ३००. मॅग्नेशियम ५३.५ गुणिले ४.१२ म्हणजे २२०. झाले ५२०.

पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० स्टँडर्ड आहे त्यातही असंच आहे, हार्डनेस २०० पर्यंत चांगला आणि दुसरा सोर्स नसेल तर ६०० पर्यंत चालेल हे कार्बोनेटच्या हिशोबात, आणि त्याच तक्त्यात कॅल्शियम ७५ हे मात्र कॅल्शियमच्याच वजनात. लोक गोंधळणार नाहीत तर काय.

वेलीवरचा:
ताई, आत्ता ट्यूब पेटली. म्हणजे ०:०:५० खताच्या पोत्यासारखंच की, पोत्यात पोटॅशियम सल्फेट असतं पण ५० टक्के लिहितात ते के२ओ धरून.

निळा_ब्युरेट:
अगदी तेच. आणि अल्कलिनिटीचंही तसंच. ती म्हणजे पाणी किती आम्ल पचवतं त्याचं माप, ते कोणामुळे पचवतं ते त्या आकड्यात नसतं. ७.८ पीएचला कार्बोनेट जवळजवळ नसतंच, जे आहे ते बायकार्बोनेट. ३८० गुणिले १.२२, म्हणजे साधारण ४६४ मिग्रॅ. यंत्रवाल्याचा 'अर्धा ग्रॅम चुना' तुमच्या पाण्यात चुना म्हणून कुठेच नाहीये. ड्रिपरपाशी पाणी सुकतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तेव्हा कुठे तो थर जमतो.

वेलीवरचा:
मग अ‍ॅसिड सोडायचं ठरवलं तर ५२० बघायचे का ३८०?

निळा_ब्युरेट:
३८०. हार्डनेस कितीही असला तरी अ‍ॅसिड खातं ते बायकार्बोनेट. ५० ने भागा, ७.६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. सगळं मोडायचं नसतं, निम्मं मोडलं तरी पीएच साडेसहाच्या खाली-वर येतो. हजार लिटरला ९८ टक्के सल्फ्युरिक धरलं तर शंभर मिलीच्या आसपास पडतं, पण आधी बादलीत करून पीएच पेपर लावून बघा, आणि अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, चष्मा आणि हातमोजे घालूनच. फॉस्फोरिक सुचवतात काहीजण, इतक्या कॅल्शियमला मी तरी नाही सांगणार, कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसला तर ड्रिपर आणखी जाम.

आरएससी, म्हणजे बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरतं ते, तुमचा वजा २.८ येतोय (७.६ वजा १०.४), ती काळजी नाही. सोडियम असेल तर टाका, एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते माप, काढून देते.

वेलीवरचा:
दुसऱ्या पानावर आहे, सोडियम ९२. पुढे 'अ‍ॅज' वगैरे काहीच लिहिलेलं नाही.

निळा_ब्युरेट:
मग ते सोडियमच समजायचं. ९२ भागिले २३, चार. एसएआर पावणेदोन. सोडियमच्या बाजूने पाणी चांगलं आहे, यंत्रवाल्याला चहा पाजून वाटेला लावा.