अलास्का, २०२२: रिपब्लिकन मते जास्त असूनही पेल्टोला कशा जिंकल्या?

प्रश्न: अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या अलास्काच्या एकमेव जागेसाठी ऑगस्टमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत दोन्ही रिपब्लिकन उमेदवारांची पहिल्या पसंतीची मते मिळून निम्म्याहून अधिक होती, मग डेमोक्रॅट मेरी पेल्टोला निवडून कशा आल्या?

उत्तर १: पसंतीक्रमामुळे, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतात. तिसरे आलेले निक बेगिच बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यांतल्या जेमतेम निम्म्या दुसऱ्या रिपब्लिकन उमेदवार सेरा पेलिन यांच्याकडे वळल्या, बऱ्याच पेल्टोलांकडे गेल्या आणि उरलेल्यांवर दुसऱ्या पसंतीचा रकाना कोराच होता.

उत्तर २: राज्यसभेसाठी आपले आमदारही असाच पसंतीक्रम देतात, त्यामुळे मला नवल वाटले नाही. मात्र सारे श्रेय पद्धतीला देऊ नये. सामन मासेमारीवर बोलणाऱ्या, युपिक या अलास्कातल्या मूलनिवासी समाजातल्या पेल्टोला पहिल्या मोजणीतही आघाडीवरच होत्या.

उत्तर ३: त्याच पद्धतीने २०२४ मध्ये बेगिच यांनी त्यांना हरवले.