तन्मणीसाठी मोती: आकार बघू की पाणी?

शुभांगी (४०२): मैत्रिणींनो, लेकीच्या लग्नासाठी तन्मणी करायचाय. काल दोन सर बघितले. एकात ६ मिमीचे टपोरे, अगदी गोल मोती. दुसऱ्यात ४ मिमीचे, जरासे चपटे, पण चमक छान. किंमत जवळजवळ सारखीच. दुकानदार म्हणतो मोठे घ्या, 'ट्रिपल ए' दर्जाचे आहेत. सासूबाई म्हणतात, कल्चर म्हणजे खोटाच मोती. काय करू?

मीनलताई (५०१): सासूबाईंना सांग, खोटा नाही. शिंपल्यातच वाढतो, सुरुवात तेवढी माणूस करून देतो. जपानमध्ये मिकिमोतो नावाच्या उद्योजकाने १८९३ साली असे अर्धगोल मोती वाढवून दाखवले. आपल्या आज्यांच्या नथीतले बसऱ्याचे मोती नैसर्गिक, ते आता जुन्या दागिन्यांतच बघायला मिळतात. आणि 'ट्रिपल ए'वर जाऊ नकोस. त्याचं सगळीकडे एकच माप नसतं, ज्याचं त्याचं वेगळं.

प्राजक्ता (१०३): दातावर हलकेच घासून बघ. खरखरलं तर खरा.

मीनलताई (५०१): त्याने काच-प्लॅस्टिक ओळखता येतं, मोती चांगला की सुमार ते नाही कळत. शुभांगी, तू आधी पाणी, म्हणजे मोत्याची चमक बघ. दुकानातल्या झगमगाटात, मखमलीवर सगळेच मोती देखणे दिसतात. पांढरा रुमाल घेऊन जा. सर त्यावर ठेव आणि दाराशी उजेडात ने. मोत्यात दाराची चौकट रेखीव दिसली तर पाणी उत्तम. नुसताच पांढरट, धूसर ठिपका दिसला तर मोती खडूसारखा, मग कितीही टपोरा असो, घेऊ नकोस. सर हळूहळू फिरव, मधेच एखादा मंद वाटला तर बदलून माग. वेजापाशी, म्हणजे ओवायच्या भोकापाशी, बारीकसा खड्डा असला तर चालतो, गाठवल्यावर झाकला जातो.

स्नेहा (२०४): मी हैदराबादहून आणलेल्या माळेचे सहा महिन्यांत पापुद्रे निघाले. वेजापाशी सुरुवात झाली. फार वाईट वाटलं, आईसाठी घेतली होती.

मीनलताई (५०१): अरेरे. तो वरून मुलामा दिलेला मणी असणार. म्हणून वेज भिंगातून बघायचंच. मुलामा असेल तर तिथे कड उडालेली दिसते, मोती रंगवलेला असेल तर रंग तिथे साचतो. हैदराबादला मोत्यांना वेज पाडून ओवायचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण मोती बहुतेक चीनमधले, गोड्या पाण्यातले. ते वाईट नसतात हं! त्यांच्यात सहसा सुरुवातीला मणी पेरत नाहीत, शिंपल्याच्याच अंगाचा छोटा तुकडा पेरतात, त्यामुळे आतपर्यंत मोतीच. जपानच्या समुद्रातल्या अकोया मोत्यांत मात्र आत मणी असतो. मोती लवकर काढला तर वरचा थर पातळ राहतो आणि लवकर झिजतो.

शुभांगी (४०२): मग ४ मिमीचेच बघते. शनिवारी येता का माझ्याबरोबर? भिंग आहे ना तुमच्याकडे?

मीनलताई (५०१): आहे, येते. बिलावर 'गोड्या पाण्यातले कल्चर मोती' असं स्पष्ट लिहून घेऊ. आणि चारलाच निघू, ऊन गेल्यावर मोती बघायचे नाहीत.