काकांची ती वही
काकांच्या आठवणींत तुम्ही लिहिलंत ना, त्यांनी स्वतःची एस्पेरांतोची, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या त्या भाषेची, डिक्शनरी तुम्हाला देऊन टाकली, अगदी तसंच माझंही झालं. मी सहज विचारलं होतं ही कसली भाषा, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर, खिशाला एस्पेरांतोची खूण असलेला तो हिरवा तारा, हातात वही आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत दोनच शब्द, अमीको म्हणजे मित्र आणि मालअमीको म्हणजे शत्रू. म्हणाले, बघ, शत्रूच्या पोटातही मित्र आहेच. ही भाषा बनवणाऱ्या झामेनहॉफनी लहानपणी आताच्या पोलंडमधल्या बियालिस्तोकमध्ये पोलिश, रशियन, जर्मन, ज्यू लोकांची भांडणं पाहिली आणि मग १८८७ मध्ये ती जगापुढे ठेवली, हे सांगताना काकांचा गळा दाटून यायचा. विनोबांवर तर जीव, तेही एस्पेरांतो शिकले होते याचं केवढं कौतुक, काकांच्या प्रत्येक पत्राखाली विनोबांचं जय जगत. पहाटेचं ध्यान कधी चुकलं नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी गुपचूप पैशांचं पाकीट ठेवून गेले, परत द्यायला गेलो तर हातच लावेनात, म्हणे दुसऱ्या कुणाला लागतील तेव्हा त्याला दे. वही अजून आहे माझ्याकडे, हवी असेल तर झेरॉक्स काढून पाठवतो.